थेंबाचा भाव

एकतीस वर्षं मी डिझेल इंजिनाचे लायनर बोअर केले
उद्यमनगरात, तिसऱ्या गल्लीत,
जिथं सकाळी भट्टीचा वास आणि चहाचा वास
एकाच वाऱ्यानं येतात.
माझ्या नखाखालचं काळं
शालननं अक्षता पडताना पाहिलं,
ते अजून तिथंच आहे.

आणि पैसे लावले मी
डिझेलचा गळा घोटायला निघालेल्या कंपनीवर.

नाव सांगत नाही. दृष्ट लागते.
दस्तगीर तर नुसतं 'ती' म्हणतो.
'ती आज कुठं हाय?'
'सव्वीस साठ.'
मग स्पेअरपार्टच्या काउंटरवरनं भूपाल उपाध्ये
पोटुशीला कितवा म्हणून विचारावं तसं
हळूच विचारतो,
'रिझल्ट कधी?'

सुरुवात निलोफरनं केली. दस्तगीरची थोरली.
कॉलेजच्या प्रोजेक्टची गाडी घेऊन आली,
तळहाताएवढी, दोन नळ्या, एक इंजेक्शनची सिरिंज.
खाली सोडली.
लोखंडाच्या किसातून ती चालत गेली, आवाज नाही,
आणि माझ्या लेथच्या पायाला टेकून थांबली.
मागं फरशीवर एक थेंब.
'हाच तिचा धूर, काका.'

दस्तगीरनं बोटावर घेतला, चाटला.
'पाणीच की गं!'

मला धूर कळतो.
निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पंप बघा,
पांढरा असला तर हेड गॅस्केट गेलं.
लांबून, पाठ फिरवून, नुसत्या वासावर
मी इंजिनाचं दुखणं सांगतो.
ह्या थेंबाला वासच नव्हता.
उकिडवा बसून मी त्या फरशीकडं
बराच वेळ बघत राहिलो.

सोमवारी तिघांनी खाती उघडली.
माझे चाळीस हजार नव्या चकसाठी ठेवलेले.
जुना चक अजून केसभर डगमगतो,
गिऱ्हाइकाला कळत नाही, मला कळतं.

बावीसला घेतला. दीड वर्षात एकशे चाळीस.
त्या संध्याकाळी भूपालनं गंगावेशीत
कट्ट्यावरचं धारोष्ण दूध पाजलं सगळ्यांना.
गवळी म्हणाला, 'थांबा, फेस बसू दे, मग माप बघा.'
आम्ही कुठलं थांबतोय.
मिशांना फेस लावून तीन म्हातारे म्हशीशेजारी उभे:
निलोफर जर्मनीला पोचली होती,
भूपालनं शेजारचा गाळा घेऊन मधली भिंत पाडली होती,
आणि मला विचारलं तेव्हा मी म्हणालो,
बघू.

मग कंपनीचं पत्र आलं. मोठी ऑर्डर पुढच्या वर्षी.
पुढच्या वर्षी पत्र आलं. पुढच्या वर्षी.
ऐंशी. एक्कावन्न. चौतीस.
परवा एकोणीस.
दस्तगीर निम्मे विकून मोकळा झाला, वेल्डिंगचा चष्मा लावूनच.
भूपाल आता तो विषय निघाला की
बेअरिंगच्या खोक्यांवरची धूळ पुसतो.

सगळी विचारतात, शालन तर रोज,
एकशे चाळीसला का नाही विकलास?

मी अंगठा दाखवतो.
मोबाइल अंगठा मागतो, आणि माझ्या अंगठ्यावर
रेषाच उरलेल्या नाहीत; बिडानं खाल्ल्या.
त्या दिवशी रॉकेलनं धुतला, भुश्शात घासला,
सात वेळा टेकवला,
सातही वेळा मोबाइल म्हणाला, ओळखलं नाही.
लोक हळहळतात. चहा सांगतात.

खरं सांगू?
अंगठा नसला तर चार आकडे चालतात.
मला पाठ होते. शालनचं जन्मसाल.

पण विकून टाकलं असतं
तर दुसऱ्या दिवशी सव्वानऊला
मी काय उघडून बघायचं होतं?
लायनर?